आकडे वाचता यायला हवेत

गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिक ज्या विमानांत उडतात त्यांतलं एक म्हणजे डायमंड डीए40. चार आसनं, एक इंजिन, ऑस्ट्रियन बनावट. हेच विमान मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्येही आहे. तो गेम ऑगस्ट 2020 मध्ये आला आणि डिसेंबरमध्ये त्यात व्हीआर हेडसेटची सोय झाली. तेव्हापासून गोंदियातल्या माणसाला घरच्या खुर्चीत बसून गोंदियावरूनच उडता येतं. हेडसेट घ्यायच्या विचारात असणाऱ्यांसाठी ही टिपणं. बंदुकीचे किंवा गाड्यांचे गेम खेळणाऱ्यांना यातलं अर्धंच लागू पडेल. विमानात वाचायचं फार असतं.

*

गार्मिन जी1000. डीए40 च्या कॉकपिटमध्ये याचे दोन पडदे असतात, एकेक 10.4 इंची, 1024 बाय 768 पिक्सेलचा. वेग, उंची, दिशा, इंधन, रेडिओची फ्रीक्वेन्सी, सगळं त्यावरच. पडद्याची रुंदी साधारण 21 सेंटीमीटर. डोळ्यापासून तो 70 सेंटीमीटरवर आहे असं धरलं, तर नजरेतले सुमारे 17 अंश तो व्यापतो.

आता हेडसेटकडे या. क्वेस्ट 3 एका अंशात साधारण 25 पिक्सेल देतो. 17 गुणिले 25 म्हणजे 425. मुळात 1024 ठिपक्यांची ओळ 425 ठिपक्यांत बसवायची. मोठे आकडे वाचता येतात, बारीक अक्षरं पुसट होतात आणि माणूस मान पुढे काढून पडद्याजवळ जात राहतो. पायमॅक्स क्रिस्टल अंशाला 35 देतो, म्हणजे 595. क्रिस्टल सुपरच्या एका प्रकाराला कंपनी 57 सांगते. तो हिशेब 969 वर जातो, पडदा जवळजवळ जसाच्या तसा. चांगल्या डोळ्याची मर्यादा अंशाला 60 धरतात.

खोक्यावरच्या 4के, 8के या आकड्यांतून यातलं काही कळत नाही. एकूण पिक्सेल किती, यापेक्षा ते किती अंशांवर पसरलेत हे विचारायचं. तेवढंच बियाणं जास्त बांध्यांत फेकलं तर रोप विरळ उगवणारच. म्हणून नजरेचा पैस फार रुंद असलेला हेडसेट शर्यतीला छान वाटतो, पण तेवढ्याच पिक्सेलांत तो विमानाच्या कामाचा राहत नाही. माझ्या लेखी ही निवडीची पहिली कसोटी आहे.

*

आमगावच्या भाच्याचा फोन.

‘मामा, सगळ्यात जास्त रेझोल्यूशनचा कोणता?’

‘आधी तुझं ग्राफिक्स कार्ड सांग.’

‘लॅपटॉप आहे. 4060.’

‘मग हेडसेटचं दिवाळीनंतर बोलू.’

त्याला वाईट वाटलं, म्हणून हिशेब लिहून पाठवला. फुल एचडी मॉनिटरचे पिक्सेल सुमारे 20 लाख 70 हजार. एचपीच्या रिव्हर्ब जी2 हेडसेटचे दोन्ही डोळ्यांचे मिळून 93 लाख. क्रिस्टलचे 1 कोटी 66 लाख. क्रिस्टल सुपरचे 2 कोटी 95 लाख. शिवाय भिंगामुळे चित्र कडांना वाकतं, ते सरळ दिसावं म्हणून कार्डाला पडद्यापेक्षाही मोठं चित्र रंगवून मग ते आवळावं लागतं. आणि सेकंदाला 90 चित्रं हवीत तर एका चित्राला 11 मिलिसेकंद मिळतात. एवढ्यात त्याचं 8 जीबी मेमरीचं कार्ड क्रिस्टलला पुरं पडत नाही. मग सेटिंगमध्ये रेझोल्यूशन उतरवावं लागतं आणि जास्तीचे पैसे ज्यासाठी मोजले तीच गोष्ट बंद करून खेळावं लागतं.

लॅपटॉपचा आणखी एक पेच आहे. क्रिस्टलसारख्या हेडसेटना डिस्प्लेपोर्ट लागतो, आणि तो थेट ग्राफिक्स कार्डाला जोडलेला असावा लागतो. पुष्कळ लॅपटॉपांत तसा नसतो. घेण्याआधी लॅपटॉपच्या मॉडेलचा तक्ता काढून हे बघावंच.

*

नजर कुठे आहे ते ओळखून तेवढाच भाग बारकाईने रंगवायचा आणि बाजूचा ढोबळ ठेवायचा, ही युक्ती चांगली आहे. त्यासाठी डोळ्यांचा माग घेणारे सेन्सर हेडसेटमध्येच असावे लागतात. मूळ क्रिस्टल आणि सुपरमध्ये ते आहेत, क्रिस्टल लाइटमध्ये नाहीत. आणि गेमने साथ द्यायला हवी. ‘पुढच्या अपडेटमध्ये येईल’ या भरवशावर पैसे घालू नयेत.

*

रिव्हर्ब जी2 बद्दल मनापासून राग येतो. एचपीवर नाही, झालं त्यावर. 2020 चा हेडसेट, डोळ्यागणिक 2160 बाय 2160, विमानवाल्यांचा लाडका. जुन्या बाजारात आजही स्वस्तात दिसतो. भिंगं शाबूत, पडदा शाबूत. पण तो चालतो विंडोज मिक्स्ड रिॲलिटीवर. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर 2023 मध्ये ही प्रणाली गुंडाळत असल्याचं जाहीर केलं आणि 2024 मध्ये आलेल्या विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीतून ती काढूनच टाकली. म्हणजे धडधाकट यंत्र एका अपडेटने निकामी. 2025 मध्ये ओॲसिस नावाचा स्वतंत्र ड्रायव्हर आला, त्याने एनव्हिडियाच्या कार्डांवर हे हेडसेट पुन्हा सुरू होतात. लिहिणाऱ्याचे उपकार मानावेत. तरीही माझा सल्ला असा, की ज्याला ड्रायव्हर, आवृत्त्या यांत हात घालायची आवड आहे त्यानेच जी2 घ्यावा. पोराला वाढदिवसाची भेट म्हणून घेऊ नये.

हेडसेट घेताना त्याच्यामागचं सॉफ्टवेअर कोणाच्या हातात आहे, हेही पिक्सेलांबरोबरच विचारावं. स्टीमव्हीआर आणि ओपनएक्सआरवर नीट चालतो का, एवढं तरी.

*

उन्हाळा. गोंदियात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. हेडसेट चेहऱ्याला घट्ट बसतो, आत दोन पडदे तापलेले, कपाळाचा घाम थेट फोमच्या गादीत उतरतो. कापडी गादी धुता येत नाही आणि तिला वास येतो. रेक्झिनसारखी पुसता येणारी गादी वेगळी मिळते, ती पहिल्याच खरेदीत घ्यावी.

वजनाचंही बघावं. क्वेस्ट 3 भरतो 515 ग्रॅम, क्रिस्टल त्याहून बराच जड. बिगस्क्रीन बियॉन्ड फक्त 127 ग्रॅमचा, डोळ्यागणिक 2560 बाय 2560. मोह होतो. पण मूळ बियॉन्डची गादी आयफोनने तुमचा चेहरा स्कॅन करून तुमच्याच मापाची बनते, आणि खोलीत लावायचे बेस स्टेशन वेगळे घ्यावे लागतात. आपल्याकडे अशी वस्तू घरात आली की शेजारची पोरं, मेव्हणे, आत्या, सगळे एकदा डोळ्याला लावून बघणार, आणि बघावंच त्यांनी. एका चेहऱ्याचा हेडसेट मला आपल्या घरांसाठी पटत नाही.

*

सर्वांत महत्त्वाचं, आणि दुकानात कोणी सांगत नाही. हेडसेट टेबलावर ठेवताना भिंगं खिडकीकडे करू नका. उलट बाजूने आलेलं ऊन त्या भिंगांतून गोळा होऊन नेमकं पडद्यावर पडतं. लहानपणी भिंगाने कागद जाळला नसेल असा माणूस विरळा, हे तेच. थोड्या वेळात पडद्यावर पिवळट डाग उमटतो आणि तो पुसला जात नाही, पडदा बदलावा लागतो. वॉरंटीत हे बसत नाही. भिंगांवर कापड टाकायची सवय घरातल्या सगळ्यांना लावावी, झाडलोट करणाऱ्यांनाही.

*

चष्म्याच्या दुकानात जाऊन दोन बुबुळांमधलं अंतर मोजून घ्या. पीडी म्हटलं की त्यांना कळतं. मोठ्या माणसांत ते सरासरी 63 मिलिमीटरच्या आसपास असतं, पण 56 चीही माणसं असतात आणि 71 चीही. हेडसेटची भिंगं तेवढी सरकत नसतील तर कितीही पिक्सेल असोत, चित्र धूसरच राहणार आणि डोकं दुखणार. चष्मा असलेल्यांनी नंबरची छोटी भिंगं बनवून हेडसेटमध्ये बसवावीत. चष्म्यावरच हेडसेट चढवला तर एक दिवस काचेला काच घासते.

*

विजेचा हिशेब. 4090 सारखं कार्ड एकटं 450 वॅटपर्यंत खेचतं, प्रोसेसर वेगळा. दुकानात सर्रास मिळणारा 600 व्हीएचा यूपीएस 360 वॅटच्या आसपासच झेपवतो. पावसाळ्यात लाइट गेली की तो एक शिटी मारून बंद पडेल. कार्डासोबत यूपीएस बदलायचा खर्च धरावा.

*

नागझिऱ्याच्या जंगलावरून कमी उंचीवर उडून बघितलं. इथे क्वेस्ट आणि डिस्प्लेपोर्टवाल्या हेडसेटमधला फरक उघड दिसतो. क्वेस्टला चित्र यूएसबीने किंवा वायफायने जातं आणि त्यासाठी ते व्हिडिओसारखं दाबलं जातं. मोकळं आभाळ, तलावाचं पाणी, यात काही जाणवत नाही. पण जंगल म्हणजे लाखो पानं, प्रत्येक चित्रात प्रत्येक पान हललेलं. तिथे हिरवा चिखल होतो. बिटरेट वाढवला की बराच सुधारतो, पूर्ण नाही. शहरांवरून उडणाऱ्याला ही उणीव सोसते. झाडीपट्टीत उडायचं असेल तर डिस्प्लेपोर्टवाला हेडसेट बरा.

*

बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, इंग्रजांनी बांधलेली. पुढे प्रफुल्ल पटेल नागरी विमान वाहतूक मंत्री असताना (2004 ते 2011) तिथे विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली. सीएई 1947 सालची, सिम्युलेटर बनवणाऱ्यांत जगात अग्रगण्य. म्हणजे आमच्या जिल्ह्याला सिम्युलेटर हे प्रकरण नवं नाही.

व्हीआरवर चालणाऱ्या प्रशिक्षण यंत्राला युरोपच्या ईएएसए या नियामकाने पहिली मान्यता दिली ती एप्रिल 2021 मध्ये. स्वित्झर्लंडच्या व्हीआरएम कंपनीचं, रॉबिन्सन आर22 हेलिकॉप्टरचं यंत्र. त्यात हेडसेटबरोबर हलणारा चौथरा असतो आणि हाताला खऱ्या कळा लागतात. घरी तसं नसतं. डोळ्यांना बटण दिसतं, बोट लावायला जावं तर तिथे हवा. माउस चाचपडत फिरवावा लागतो. घरच्या तासांची लॉगबुकात नोंदही होत नाही. पण उतरताना धावपट्टी किती उंच किंवा चपटी दिसली म्हणजे आपण वर आहोत की खाली, ही जाण मॉनिटरवर नीट येत नाही. हेडसेटमध्ये ती येते, कारण धावपट्टी खऱ्याइतक्याच मापात दिसते आणि मान वळवली की वळणातही धावपट्टी नजरेत धरता येते. वैमानिक व्हायचं स्वप्न बघणाऱ्या पोरांना एवढ्यासाठी तरी एकदा दाखवावंच.

*

गेममधली जमीन उपग्रहाच्या छायाचित्रांवरून घेतलेली आहे. छायाचित्र ज्या महिन्यातलं, बांध्यांचा रंग त्याच महिन्याचा. रोवणीच्या दिवसांतही खाली कापणी झालेली दिसू शकते. बोड्या आणि मालगुजारी तलाव मात्र जागच्या जागी सापडतात, आणि कोणत्या तलावावर आहोत हे ओळखण्यात मला भारी आनंद होतो. सारस दिसत नाहीत. महाराष्ट्रात ते जिथे टिकून आहेत तो मुख्यतः हाच जिल्हा, आणि त्यांच्यासाठी खरोखरच्या धानाच्या बांधीवर पहाटे जावं.

*

भाच्याचं ठरतंय ते असं. आधी डेस्कटॉप आणि 16 जीबीचं कार्ड. मग क्वेस्ट 3, तोही भारतात बिल आणि वॉरंटी देणाऱ्याकडून. क्रिस्टल शांघायच्या कंपनीचा. बाहेरून मागवला तर सीमाशुल्क, जीएसटी, आणि बिघडला तर परत पाठवण्याचा खर्च. नोकरीच्या पहिल्या वर्षात हे नको, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. त्याने ऐकलं, पण क्रिस्टलचं पान मोबाइलवर उघडं ठेवलंय. ठेवू दे.

पार्सल आलं की टेप कापण्यापासून व्हिडिओ काढायचा. पहिल्याच संध्याकाळी पांढरा आणि काळा पडदा लावून मेलेले पिक्सेल बघायचे, एकेक डोळा झाकून. तार दोन्ही टोकांना हलवून बघायची. परतीची मुदत संपेपर्यंत खोकं, थर्माकोल, वेष्टनाच्या पिशव्या, काही फेकायचं नाही. मुदतीत परत करायचं झालं तर मूळ खोकं मागतात.