काळा समुद्र, पांढरा समुद्र आणि वरचे ढग

मे महिन्यात रत्नागिरीला कशाला जायचं, असं तुम्ही म्हणाल. घामाच्या धारा लागतात, अंगावरची सुती साडी तासाभरात पिळून घ्यावी लागते. पण हापूस मे महिन्यातच, आणि मुलांची सुट्टीही तेव्हाच. शिवाय तिथे माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात. त्या दर वर्षी आंब्याची साठं घालतात, घरापुरती नव्हे, विकायला. जूनमधली मुलाची फी त्या साठांतून निघायची असते. त्यामुळे मे महिनाभर त्या घरात येता-जाता सगळ्यांच्या माना वर.

पहिल्याच सकाळी समुद्राकडून पांढरे ढग आले. मी धावले ताटं उचलायला! जाऊबाई आतूनच म्हणाल्या, ''अगो, राहू दे ती. हा कापूस आहे. ह्यातून मधे मधे ऊन येतं, आणि येतं ते चांगलं चटका देणारं. चादर आली की हाक मार.''

मला वाटलं, ही आपली कोकणातली बोलायची रीत. पण बाई, त्यांचं म्हणणं अगदी शास्त्राला धरून होतं! फुगलेल्या ढगाच्या बाजूची पांढरी भिंत ऊन अडवून आपल्याकडे वळवते. फटीतून थेट आलेलं ऊन आणि भिंतीवरून आलेलं उजेडाचं वाण, दोन्ही मिळून काही क्षण निरभ्र आकाशापेक्षाही जास्त ऊन पडतं. समुद्रावर मुलांना खेळायला सोडताना 'आज ढग आहेत' म्हणून टोपी घरी ठेवू नका, ती ह्याचसाठी.

संध्याकाळी रत्नदुर्गावर गेलो. हा किल्ला घोड्याच्या नालेसारखा, तीन बाजूंनी पाणी. वर भगवतीचं देऊळ आहे, एका टोकाला दीपगृह. पण मला खरी मौज वाटली ती किल्ल्याच्या दोन अंगांची. मांडवीकडच्या बाजूला काळी वाळू, म्हणून तो काळा समुद्र. दुसरीकडे मिऱ्याच्या बाजूला पांढरी वाळू, तो पांढरा समुद्र. दुपारी चप्पल काढून दोन्हीकडे पाय ठेवून पाहा. काळी वाळू ऊन गिळते आणि तळपाय भाजते. पांढरी त्यातलं बरंचसं परत फेकते, तिथे पायांपेक्षा डोळेच जास्त दिपतात. ऊन एकच, पण घेणारा कसा त्यावर सगळं अवलंबून.

आणि खुद्द समुद्राचं पाणी? संध्याकाळी सोन्यासारखं चमकतं म्हणून आपण फसतो. सूर्य डोक्यावर असताना शंभर भाग उन्हातले जेमतेम पाच-सात भाग समुद्र परत पाठवतो, बाकीचं सगळं पोटात. म्हणजे तो काळ्या वाळूच्याच जातीचा. दाट ढग मात्र शंभरातले सत्तरसुद्धा परत पाठवतो. तेव्हा समुद्रावर ढग असणं म्हणजे काळ्या वाळूवर पांढरी चादर घालण्यासारखंच.

पण ती चादर आहे की कापसाचे बोळे, ह्याला फार महत्त्व. घरी करून पाहा. लोखंडी काळा तवा घ्या (थंड हं!). मूठभर तांदळाचं पीठ मधोमध ढिगासारखं ओता. ढीग पांढराशुभ्र, तवा मात्र काळाच दिसतो. तेच पीठ चाळणीने सगळीकडे भुरभुरवा, सगळा तवा पांढरा झाला! पीठ तेवढंच. तसंच तेवढंच पाणी ढीगवाल्या ढगांत असेल तर कमी ऊन परत जातं, आणि पसरट ढगांत असेल तर जास्त.

१९६० साली टायरॉस नावाचा हवामानाचा उपग्रह वर गेला. त्यानंतर वरून घेतलेल्या चित्रांत दिसलं की थंड समुद्रांवर, म्हणजे पेरू, कॅलिफोर्निया, नामिबिया यांच्या किनाऱ्यांजवळ, ढग मधाच्या पोळ्यासारखे मांडलेले असतात. कधी घरं भरलेली, कधी नुसत्या कडा पांढऱ्या आणि मध्ये पोकळी. हे दुसरे ढग मला आपल्या घावनासारखे वाटतात, जाळी पडलेले. जाळीतून तवा दिसतो तसा खालचा काळा समुद्र दिसतो आणि ऊन खुशाल आत जातं. भरलेल्या ढगातून भुरभुर पाऊस पडू लागला की अशी जाळी पडते.

आणखी एक गंमत. खडीसाखर आरपार दिसते, पण दळली की पिठीसाखर पांढरीशुभ्र. ढगातलं पाणीसुद्धा बारीक थेंबांत वाटलं गेलं की ढग जास्त पांढरा होतो. हे शॉन ट्वोमी नावाच्या शास्त्रज्ञाने १९७४ साली मांडलं. जहाजांच्या धुरातले कण असे बारीक थेंब करतात, त्यामुळे जहाजाच्या वाटेवर ढगांत पांढरी रेघ उठते. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातलं गंधक ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणायचा नियम झाला. धूर माणसांच्या फुप्फुसांना वाईट, तेव्हा नियम योग्यच. पण त्या रेघा कमी झाल्या आणि तेवढं ऊन समुद्रात जास्त जाऊ लागलं. घर झाडताना धूळ डोळ्यांत जावी, तसंच हे.

समुद्र तापला तर आपल्याला काय, असं म्हणू नका. वादळं तापलेल्या पाण्यावरच पोसतात. ३ जून २०२० चं निसर्ग, मे २०२१ चं तौक्ते, दोन्ही अरबी समुद्रातली. त्यांचं खापर मी ढगांच्या डोक्यावर फोडत नाही. पण तौक्तेच्या वर्षी जाऊबाईंची पाच दिवसांची साठं गेली. छपराखाली नेली तरी हवेतल्या ओलीने बुरशी धरली. एवढं त्यांनी मला सांगितलं आणि लगेच दुसरा विषय काढला.

चौथ्या दिवशी दुपारी चादर आली. आधी सूर्याभोवती खळं पडलं, मग उन्हाच्या सावल्या पुसट झाल्या. आम्ही पंधरा ताटं पटापट माजघरात नेली. मलमलीचं फडकं तेवढं बाहेर राहिलं. जाऊबाईंनी एका साठाची कड नखाने उचलून पाहिली आणि म्हणाल्या, ''अजून एक ऊन हवं होतं.''