आडोसा

माणदेशात वळीव रिमझिमत येत नाही. चैत्र-वैशाखात जमीन भाजून निघालेली असते, बोरीबाभळींच्या सावलीलाही चटका असतो, आणि एखाद्या दुपारी वारा एकदम पडतो. पान हलत नाही. मेंढरं माना खाली घालून एकमेकांच्या पोटाशी डोकी खुपसतात. म्हातारी माणसं आभाळाकडे न बघताच म्हणतात, ‘आज येतंय.’ पर्जन्यछायेच्या ह्या मुलखात वाढलेल्या माणसाला वळवाचं अप्रूप किती असतं, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आंबा झडो, पत्रे उडोत, पहिल्या सरीचा वास आला की घरातलं प्रत्येक जण दारात येऊन उभं राहतं. मीही त्याच दारातला. म्हणून ज्या वळवानं मला रस्त्यावर आडवं केलं, त्याच्याबद्दलचा राग शोधूनही सापडत नाही. भीती मात्र आहे, आणि ती गेलेली नाही.

मे महिन्यात मोटारसायकलवरून गोंदवल्याहून म्हसवडकडे चाललो होतो. आटपाडीच्या बाजूला, दूर, आभाळ काळंनिळं झालं होतं. माझ्या डोक्यावर मात्र लख्ख ऊन होतं. वादळाचा पहिला तडाखा पावसाबरोबर येतो असं आपण समजतो. तसं नसतं. उन्हाळ्यातला गडगडाटी ढग १२ ते १५ किलोमीटर उंच चढतो. त्याच्या पोटातून पडणारे थेंब खालच्या कोरड्या हवेत निम्मे विरून जातात, त्यांच्या विरण्यानं हवा गार आणि जड होते आणि ती धाडकन खाली कोसळते. अंगणात घागरभर पाणी उपडं केलं की ते चहूकडे धावतं, तशी ती हवा जमिनीवर आपटून सगळ्या बाजूंना पळत सुटते. पाऊस कितीतरी मागे असतो. वारा पुढे येतो, उन्हातच.

उजव्या अंगाला रानातून धुळीची भिंत उठलेली दिसली आणि पुढच्याच क्षणी ती अंगावर होती. दुचाकी चालवणाऱ्याला आडव्या वाऱ्यात काय करावं लागतं, हे शरीर आपोआप जाणतं: वाऱ्याच्या दिशेनं कलायचं, त्याच्यावर रेलायचं. मी वेग उतरवून तसाच रेटत होतो. बघता बघता टपोरे थेंब आले, त्यांच्यामागून गारा. उन्हाळाभर साठलेली धूळ आणि वाहनांचं सांडलेलं तेल पहिल्या थेंबांबरोबर वर येतं, तेव्हा रस्ता जितका निसरडा असतो तितका नंतरच्या मुसळधार पावसातही नसतो. समोरून ट्रक आला. तो माझ्या आणि वाऱ्याच्या मध्ये आल्याबरोबर वारा तुटला. ज्याच्यावर रेललो होतो तो आधारच नाहीसा झाला आणि गाडी उजवीकडे, त्या भल्यामोठ्या चाकांकडे झुकली. ट्रक सरकला तसा वारा पुन्हा आदळला. मी डावीकडे फेकला गेलो, साईडपट्टीवरून घसरत खाली मुरमात.

आठवतो तो आवाज हेल्मेटवर गारा वाजण्याचा. त्यामुळे आपण जिवंत आहोत हे कळलं. डावा खांदा आपला राहिला नव्हता. कॉलर बोन मोडलं होतं, बरगड्यांना मार होता, गुडघ्यांची सालं निघाली होती. हे नंतर कळलं. तेव्हा कळत होती ती फक्त थंडी. घटकेपूर्वी अंग भाजत होतं आणि आता दातावर दात वाजत होते.

पहिला माणूस आला तो रानातून, मेंढपाळ. त्याची मेंढरं त्या गारांत उघडी होती, त्यातली कोकरं मरूही शकली असती. त्यांना तसंच सोडून तो माझ्याकडे धावला. अंगावरचं घोंगडं काढून त्यानं माझ्यावर टाकलं आणि स्वतः डोक्याला नुसतं मुंडासं ठेवून माझ्या उशाशी बसला. ‘पावनं, हलू नगा. मी हाय हितं.’ लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. त्या घोंगड्याला मेंढरांचा, धुराचा, जुन्या पावसांचा वास होता. आयुष्यात मला ज्या ज्या माणसांनी जवळ घेतलं, त्यांत मी त्या वासाला धरतो.

थोड्या वेळानं एसटी थांबली. कंडक्टर उतरला, मागोमाग आणखी काही जण. कुणी हेल्मेट ओढायला गेलं तेव्हा प्रवाशांतल्या एका सिस्टरनं त्याचा हात धरला. मानेला इजा असेल तर हेल्मेट ओढल्यानं माणूस कायमचा अधू होऊ शकतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं दोन्ही तळव्यांनी माझं डोकं स्थिर धरलं आणि १०८ची रुग्णवाहिका येईपर्यंत तसंच धरून ठेवलं. हेल्मेटला डाव्या बाजूनं आरपार तडा गेला होता. त्या दोन तळव्यांचं आणि त्या तड्याचं माझ्यावर सारखंच देणं आहे.

अपघातात मदत करणाऱ्याला पोलिसांनी आणि दवाखान्यांनी छळू नये, यासाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली, २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. हे मी बरा होताना वाचलं. कायदा चांगला आहे, तो गावोगाव कळायला हवा. मेंढपाळाला तो ठाऊक नसणार. त्याला माणूस पडलेला दिसला, तेवढं त्याला पुरलं.

आता मी निघण्यापूर्वी आभाळ बघतो, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप उघडून जवळपास विजा पडताहेत का ते बघतो. पण इशारा मिळाला तरी दुचाकीवाल्यानं थांबायचं कुठे? झाडाखाली वीज आणि फांदी. पुलाखाली थांबावं तर मागून येणाऱ्या गाड्यांना आपण दिसत नाही. १३ मे २०२४ला मुंबईत घाटकोपरला असंच वादळ आलं, पेट्रोल पंपावर माणसं होती, आणि त्यांच्यावर अवाढव्य होर्डिंग कोसळून १७ जण गेले. ती बातमी वाचताना माझा खांदा पुन्हा दुखायला लागला होता. रस्ते रुंद होताना दुतर्फाचे वड गेले, कित्येक ठिकाणी एसटीच्या निवारा शेडही गेल्या. चारचाकी ही स्वतःच एक खोली असते. दुचाकीवर बसलेला माणूस आभाळाखाली उघडा असतो, आणि ह्या राज्यात असंख्य माणसं अशीच कामावर, दवाखान्यात, बाजाराला जातात. रस्ता बांधताना त्यांच्यासाठी ठरावीक अंतरावर भक्कम निवारा बांधायलाच हवा, आणि तो रस्त्याच्या खर्चातच धरायला हवा.

तो होईल तेव्हा होईल. तोवर चारचाकीतून जाणाऱ्यांना माझी विनंती आहे. वळवाच्या वाऱ्यात पुढे दुचाकी दिसली तर तिच्या जवळून सुसाट जाऊ नका. आणि रस्त्याच्या कडेला कुणी गाडी लावून, पोराला पोटाशी धरून गारांत उभं असेल, तर थांबा. दार उघडा, आत घ्या. वळीव फार वेळ राहत नाही.