चहाच्या रंगाची नदी

नरकाच्या दारापर्यंत नेऊन, वाटेत पोटभर जेवू घालून, दुपारी तीनच्या सुमारास माणसाला सुखरूप परत आणून सोडणारी एक बोट आहे, असे कुणी मला सांगितले असते तर एखाद्या हरिदासाच्या आख्यानातली ही गोष्ट असावी, असेच मी समजलो असतो. पण अशी बोट खरोखरीच आहे. तिचे रीतसर तिकीट काढावे लागते आणि खिडकीजवळची जागा हवी असेल तर थोडे अधिक पैसे मोजावे लागतात. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला तास्मानिया नावाचे बेट आहे, त्याच्या पश्चिम किनाऱ्यावरून ती सुटते. गावाचे नाव लिहायचे स्ट्राहान आणि म्हणायचे ‘स्ट्रॉन’. इंग्रजांनी जगभर अक्षरे पेरली, पण उच्चार मात्र स्वतःपाशी ठेवून घेतले!

मेलबर्नला लेकीकडे गेलो असताना जावयांनी हा बेत ठरवला. “बाबा, शहरं काय, तुम्ही पुष्कळ पाहिलीत. तुम्हांला अरण्य दाखवतो,” म्हणाले. सौ.ने परगावी जाताना करायची ती सारी तयारी केली. होबार्टच्या विमानतळावर एका कुत्र्याने आमच्या पिशवीचा कसून वास घेतला. या बेटावर बाहेरची फळे नेऊ देत नाहीत. चिवड्यालाही त्याची हरकत नव्हती आणि लाडवांनाही नव्हती. पोह्यांसाठी घेतलेली दोन लिंबे मात्र सरकारजमा झाली. पुढे सुमारे तीनशे किलोमीटरची वाट, आणि तीत सरळ रस्ता असा औषधापुरताच.

सकाळी धक्क्यावरून बोट निघाली ती मॅक्वारी हार्बर या विस्तीर्ण बंदरात. विस्तीर्ण म्हणजे किती? सुमारे ३१५ चौरस किलोमीटर. सिडनीचे प्रसिद्ध बंदर यात पाच-सहा वेळा मावावे. एवढ्या मोठ्या पोटाला तोंड मात्र अगदी चिमुकले, रुंदीला जेमतेम शंभर मीटरच्या पलीकडे. तेच हेल्स गेट्स, नरकाचे दार. भरती-ओहोटीचे सारे पाणी या चिंचोळ्या वाटेने आत-बाहेर करते, त्यामुळे तिथे ते सतत उकळल्यासारखे दिसते. दोन इवल्याशा दीपगृहांमधून आमची बोट बाहेर पडली आणि दक्षिण महासागराने तिला एकदम तळहातावर घेतले. इथून सरळ पश्चिमेला निघाले तर थेट दक्षिण अमेरिकेपर्यंत जमीन नाही. एवढ्या लांबून धावत आलेल्या लाटा त्या! सौ.ने डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. ती अर्ध्यावर येते न येते तोच बोट वळून आत आली.

आत आल्यावर पाण्यावर मोठमोठी गोल जाळी तरंगताना दिसली. ती सामन माशांची शेती. याच पाण्यात मॉजिअन स्केट नावाचा पाकटाच्या जातीचा एक मासा राहतो. त्याचे हे जवळजवळ शेवटचे घर, आणि खोल पाण्यातला प्राणवायू कमी झाल्याने तो संकटात आहे. मत्स्यशेतीचा यात वाटा किती, यावर त्या बेटावर मोठी भांडणे आहेत. जेवणात सामन होताच. आम्ही शाकाहारी असल्यामुळे त्या भांडणात बाजू घेण्याची पाळी आमच्यावर आली नाही.

मग बंदराच्या दुसऱ्या टोकाला गॉर्डन नदी आली. नदीत शिरताच बोटीची डिझेलची यंत्रे थांबली आणि ती विजेवर चालू लागली. एकाएकी असे निःशब्द झाले की शंभरावर उतारूही आपोआप कुजबुजू लागले. दोन्ही काठांवर पाण्यापर्यंत उतरलेली गर्द राने आणि मधे काळसर तांबूस, आरशासारखे नितळ पाणी. “अहो, हा तर कोरा चहा!” सौ. म्हणाली. ते खरेही होते. वरच्या माळांवर बटनग्रास नावाचे गवत वाढते. त्यातले टॅनिन पावसाच्या पाण्यात उतरते. चहाला रंग येतो तोही बराचसा अशाच द्रव्यांनी. या गडद पाण्यात झाडांची प्रतिबिंबे अशी उतरतात की छायाचित्र उलटे धरले तरी कळू नये.

इथवर मी इतर उतारूंसारखाच आनंदात होतो. मग ध्वनिक्षेपकावरून आमच्या मार्गदर्शक बाईंनी सांगितले, की ही नदी बुडवायची ठरली होती. ते ऐकताच मी सावरून बसलो.

याचे कारण असे, की माझे आजोळ कोयनेच्या खोऱ्यातले, जावळीच्या मुलखातले. आज ते शिवसागर जलाशयाच्या तळाशी आहे. १९६०च्या सुमारास ते गाव उठले तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. आज बामणोलीहून वासोट्याला जाणाऱ्या लाँचमधून प्रवासी हौसेने फोटो काढतात. मीही त्या लाँचने गेलो आहे. कुठल्याशा वळणावर मामाने बोट दाखवून “हे आपलं शेत” असे म्हटले तेव्हा खाली नुसते हिरवे पाणी होते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोयनेच्या विजेने महाराष्ट्राचे कारखाने चालले, आणि मी स्वतः आयुष्यभर वीजखात्याच्या पगारावर जगलो. माझ्या लेकीचे शिक्षणही त्यावरच झाले. तेव्हा धरणाला शिव्या देण्याचा अधिकार मला फारसा नाही. आजीला होता, पण तिने तो कधी वापरला नाही.

तास्मानियातही वीजखात्याचा दरारा मोठा. याच नदीवर वरच्या अंगाला १४० मीटर उंचीचे एक धरण १९७४ सालीच झाले. त्याच योजनेत, १९७२ मध्ये, पेडर नावाचे गुलाबी वाळूचे सरोवर बुडाले. मग गॉर्डनला फ्रँकलिन नदी मिळते त्याच्या खाली दुसरे धरण बांधण्याचे ठरले. १९८१च्या डिसेंबरात लोकांचे मत घेतले. पण प्रश्न असा, की धरण इथे हवे की तिथे? नकोच, असे म्हणायला कागदावर जागाच नव्हती. तेव्हा सुमारे एक तृतीयांश मतदारांनी मतपत्रिकेवर स्वहस्ताने लिहिले, ‘धरण नको’. १४ डिसेंबर १९८२ रोजी पॅरिसला युनेस्कोच्या समितीने हे अरण्य जागतिक वारशाच्या यादीत घेतले, आणि त्याच दिवशी इकडे नदीवर सत्याग्रह सुरू झाला. माणसे रबरी होड्यांतून यंत्रांच्या वाटेत आडवी आली. पावसाळी रानात तंबू ठोकून राहिली. १,२७२ जणांना अटक झाली. पुढे केंद्रात सरकार बदलले, खटला उभा राहिला, आणि १ जुलै १९८३ रोजी उच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी धरण थांबवले. एका न्यायाधीशाच्या मताने ही नदी वाहती राहिली.

जावई माझ्याकडे पाहून म्हणाले, “आपल्याकडे असं कुणी केलं नाही, नाही का?” मी म्हटले, केले होते, आणि यांच्याही साठ वर्षे आधी! १९२१ साली मुळशी पेट्यात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले होते. त्यांतले कितीतरी तुरुंगात गेले. धरण मात्र झाले. फरक असा, की मुळशीकर स्वतःच्या घरासाठी आणि भाताच्या खाचरांसाठी बसले. इथली माणसे ज्या रानासाठी बसली त्यात त्यांच्यापैकी कुणाचेच घर नव्हते. याचे मला कौतुक वाटले, आणि खरे सांगायचे तर थोडा हेवाही वाटला. माणसाचा हात न लागलेले रान, असे बाई दोनदा म्हणाल्या. पण याच फ्रँकलिनच्या काठी कुटिकिना नावाची गुहा आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, तिथल्या आदिवासींच्या चुली तिच्यात पेटत होत्या. धरण झाले असते तर तीही बुडाली असती. त्यांच्या वंशजांना एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांनी मारून आणि हाकलून हा मुलूख रिकामा केला. रिकामे कुणी केले ते विसरले, की मग त्याला अरण्य म्हणणे सोपे जाते.

ज्या जागेसाठी हे सारे झाले ती जागा मात्र आम्हांला दिसली नाही. बोटींच्या लाटांनी काठ ढासळू लागल्यामुळे त्या वर जात नाहीत. खालच्याच एका धक्क्याशी थांबतात. तिथे फळ्यांच्या वाटेने रानात फिरता येते. ह्यूऑन पाईनची झाडे मी तिथे पाहिली. हे झाड वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर जाड होते आणि दोन-तीन हजार वर्षे जगते. याचे लाकूड कुजत नाही, ओले असतानाही पाण्यावर तरंगते. आणि या दोन गुणांपायीच बिचाऱ्याचा घात झाला. जहाजांसाठी ते तोडून तोडून याच नदीतून वाहून नेत.

ती जहाजे बांधली जात बंदरातल्या सारा बेटावर, आणि बांधत कोण, तर कैदी! परतीच्या वाटेवर तेथे उतरलो. १८२२ ते १८३३ हे इंग्रजांचे अत्यंत कठोर काळे पाणी होते. तिथून पळालेल्या काहींच्या कथा सणासुदीच्या अंकात सांगण्याजोग्या नाहीत. पण एक सांगितलीच पाहिजे. तुरुंग बंद झाला तेव्हा ‘फ्रेडरिक’ नावाचे शेवटचे जहाज पुरे करायला थोडे कैदी मागे ठेवले होते. जानेवारी १८३४ मध्ये त्यांतल्या दहा जणांनी ते पळवले. अधिकाऱ्यांना शिधा देऊन किनाऱ्यावर उतरवले आणि महासागर ओलांडून चिलीचा किनारा गाठला. पुढे चौघे सापडले. चाचेगिरीला फाशी होती. त्यांनी युक्तिवाद केला, की जहाजाची नोंदणी झालेलीच नव्हती, म्हणजे ते जहाज नव्हे, नुसती लाकडे आणि दोर. आणि ते घेतले बंद खाडीत, खुल्या समुद्रावर नव्हे, मग चाचेगिरी कसली? फाशी टळली! असा वकील मुळशीकरांना मिळता तर, असे मला वाटून गेले.

गावात धक्क्याशेजारी लाकूड कापायची एक जुनी गिरणी आहे. ह्यूऑनची उभी झाडे आता तोडत नाहीत. पडलेली, पुरात वाहून आलेली तेवढीच वापरतात. कारागिराने ताजी ढलपी सौ.च्या हातावर ठेवली. तिने हुंगली आणि म्हणाली, “तुळस!” जावई हसले, पण तिचे नाक चुकले नव्हते. या लाकडातल्या तेलात मिथाइल युजेनॉल भरलेले असते, आणि आपल्या तुळशीच्या तेलातही ते सापडते. आजी गाव सोडताना घरातली भांडीसुद्धा नीट बांधायला तयार नव्हती. वृंदावनातली तुळस मात्र तिने मातीसकट तेलाच्या डब्यात काढून घेतली आणि तो डबा मांडीवर घेऊन बैलगाडीत बसली होती.

आम्ही एक लहानसा तुकडा विकत घेतला. पश्चिम किनाऱ्यावरच्या धरणांच्या तलावांत बुडालेली झाडेही हल्ली पाण्यातून वर काढतात, असे कळले होते. म्हणून मी विचारले, हे लाकूड नदीने आणलेले की तलावातले? त्या माणसाने तुकडा उलटसुलट करून पाहिला, हुंगला, आणि मान हलवली. त्याला सांगता आले नाही. मग त्याने तो कागदात गुंडाळून दिला.