नऊ गोलांचे अंतर

कोलोन शहराशी मराठी मध्यमवर्गाची ओळख जुनी आहे आणि ती झाली तापामुळे. घरात कुणाला ताप चढला की कपाटातून एक लहानशी बाटली बाहेर निघे. पाण्यात तिचे चार थेंब पडत आणि त्यात भिजवलेली घडी कपाळावर बसे. त्या ‘कोलनवॉटर’मधले ‘कोलन’ म्हणजे ऱ्हाइन नदीकाठचे हे जर्मन शहर. रोमनांनी येथे वसाहत केली, वसाहतीला ते ‘कोलोनिया’ म्हणत, आणि तेच नाव शहराला चिकटले. पुढे इटलीहून आलेल्या फारिना नावाच्या गृहस्थांच्या घराण्याने १७०९ मध्ये येथे अत्तराची पेढी घातली आणि शहराचे नाव बाटलीत भरून जगभर गेले.

मात्र २०१० पासून दर उन्हाळ्याच्या तोंडाला या शहरालाच ताप चढतो, आणि तो कोलनवॉटरच्या घडीने उतरणारा नसतो. युरोपातल्या हँडबॉल क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचे शेवटचे चार संघ येथे येतात. शनिवारी उपांत्य सामने, रविवारी अंतिम सामना. शरद ऋतूपासून युरोपभर चाललेला हंगाम या दोन दिवसांत संपतो.

स्टेशनाबाहेर पाऊल टाकले की समोर उभे राहते ते कोलोनचे कॅथेड्रल. १२४८ साली त्याचा पाया घातला गेला आणि १८८० साली ते पुरे झाले. मधली सहाशे बत्तीस वर्षे! आपल्याकडे नगरपालिकेचा पूल रखडला म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. दुसऱ्या महायुद्धात शहराचा चुराडा झाला, पण हे दोन मनोरे उभे राहिले. त्यांच्या पाठीमागून होहेन्झोलर्न पूल सुरू होतो. मधून आगगाड्या धडधडत जातात आणि कडेने माणसे चालतात. कठड्याच्या जाळीला प्रेमिकांनी कुलपे लावून किल्ल्या नदीत टाकलेल्या. त्या कुलपांच्या भिंतीकडेने पलीकडे गेले की डॉइट्झ हा भाग लागतो, आणि तेथे सुमारे वीस हजार माणसे सामावणारे ते प्रचंड क्रीडागृह आहे.

हँडबॉल म्हणजे आपल्याकडे शाळेतल्या पी.टी.च्या तासाला खेळायचा एक प्रकार, एवढीच अनेकांची समजूत असते. म्हणून दोन शब्द खेळाविषयी. चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद मैदान, तेही छताखाली. प्रत्येक बाजूला सात खेळाडू. गोलापासून सहा मीटरांवर एक कमानदार रेषा, तिच्या आत गोलरक्षकाखेरीज कुणी पाय टेकायचा नाही. मात्र चेंडू हातात घेऊन रेषेबाहेरून झेप घ्यावी आणि पाय जमिनीला लागण्यापूर्वी फेक करावी, याला मुभा आहे. या खेळाचे सारे सौंदर्य त्या अधांतरी क्षणात आहे. चेंडू निसटू नये म्हणून खेळाडू बोटांना राळ लावतात. तीस-तीस मिनिटांचे दोन डाव, आणि त्यात दोन्ही बाजू मिळून पन्नास-साठ गोल सहज होतात. फुटबॉलमध्ये एक गोल म्हणजे घटना, येथे तो रोजचा व्यवहार. त्यामुळे दोन-चार गोलांची पिछाडी कुणी मनावर घेत नाही. नऊ गोलांची मात्र घेतात!

मौज अशी की हा खेळ राजधान्यांपेक्षा लहान गावांवर अधिक प्रसन्न आहे. ही स्पर्धा १९५६-५७ च्या हंगामात सुरू झाली आणि पहिला मान प्रागला मिळाला, हे खरे. पण कोलोनहून पूर्वेला पन्नास किलोमीटरांवर टेकड्यांत गुमर्सबाख नावाचे गाव आहे. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. त्या गावाने हा चषक १९६७ ते १९८३ या काळात पाच वेळा जिंकला! कारण उघड आहे. या खेळाला लाखभर प्रेक्षकांचे मैदान लागत नाही. एक बंदिस्त दिवाणखाना, चार-पाच हजार खुर्च्या, पंधरा-सोळा धट्टेकट्टे गडी आणि लांबलचक हिवाळा एवढे भांडवल पुरते. बाहेर बर्फ पडत असता सारे गाव एका छताखाली जमते. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्तीच्या फडाला गावाची जी अब्रू चिकटलेली असते, तीच येथे हँडबॉलला.

२०१५-१६ चा हंगाम अशाच दोन गावांचा झाला.

पहिले गाव हंगेरीतले व्हेस्प्रेम. बालाटन सरोवराच्या उत्तरेला, टेकड्यांवर वसलेले, साठ हजारांच्या घरातले. हंगेरीचा पहिला राजा संत इश्तवान याची राणी गिझेला हिच्याशी या गावाचे नाते, म्हणून त्याला राण्यांचे नगर म्हणतात. किल्ल्याच्या टोकाशी राजाराणीचे पुतळे दरीकडे पाहत उभे आहेत. येथला हँडबॉल संघ १९७७ साली बांधकाम कामगारांचा संघ म्हणून जन्मला. २००२ साली तो अंतिम सामन्यात हरला, २०१५ साली कोलोनला बार्सेलोनाकडून पुन्हा हरला. संघाचा आधार होता लास्लो नॉज, सहा फूट दहा इंच उंचीचा डावखुरा. बारा वर्षे बार्सेलोनाकडून खेळून, तेथे हा चषक दोनदा उचलून तो मायदेशी परतला होता. आता तो आपल्या माणसांसाठी उचलायचा, एवढेच राहिले होते.

दुसरे गाव पोलंडमधले किएल्त्से. हे जरा मोठे, दोन लाखांच्या जवळपास. या नावावर इतिहासाचा एक काळा डाग आहे. युद्ध संपल्यानंतर, ४ जुलै १९४६ रोजी, छळछावण्यांतून वाचून आलेल्या ज्यूंवर येथे जमाव चालून गेला आणि चाळीसहून अधिक माणसे मारली गेली. गावे असली ओझी विसरत नाहीत आणि विसरूही नयेत. पण पुढच्या पिढ्यांना गावाचे नाव घेताना मान वर करण्यासारखेही काही हवे असते. किएल्त्सेला ते हँडबॉलने दिले. त्याला पैसा पुरवला तो बेर्तुस सेर्वास या डच उद्योजकाने, आणि त्यांचा धंदा कोणता म्हणाल, तर वापरलेले जुने कपडे गोळा करून विकण्याचा! आपल्या बोहारणीने पातेल्याऐवजी हँडबॉलचा संघ उभा करावा, तसाच हा प्रकार. प्रशिक्षक तालांत दुयशेबाएव जन्माने किरगिझस्तानचे, नागरिकत्वाने स्पॅनिश. उपांत्यपूर्व फेरीत या संघाने फ्लेन्सबुर्गला दोन सामने मिळून अवघ्या एका गोलाने मागे टाकले होते.

शनिवारी, २८ मे रोजी, किएल्त्सेने धनाढ्य पॅरिसला हरवले. व्हेस्प्रेमला मात्र कीलशी जादा वेळ खेळून विजय मिळवावा लागला. ही जादा मिनिटे ध्यानात ठेवावीत, कारण थकव्याचे कर्ज व्याजासकट फेडावे लागते.

रविवारचा सामना पाऊण तास एकतर्फी चालला. सेहेचाळिसाव्या मिनिटाला फलक सांगत होता : व्हेस्प्रेम २८, किएल्त्से १९. नऊ गोल! उरली होती चौदा मिनिटे. लाल कपड्यांतले हंगेरियन पाहुणे गाऊ लागले होते, आणि पिवळ्या-निळ्या पोलिश रांगांत बसलेल्यांना परतीच्या गाड्यांची वेळ आठवू लागली असेल.

मग काय झाले? चमत्कार म्हटले की विचार करायला नको, म्हणून तो शब्द टाळतो. किएल्त्सेचा बचाव पुढे सरकला, गोलात स्लावोमिर श्माल भिंतीसारखा उभा राहिला. व्हेस्प्रेमच्या गड्यांना आता गोल करायचा नव्हता, वेळ काढायचा होता. जिंकण्यासाठी खेळणारा हात आणि न हरण्यासाठी खेळणारा हात यांत फरक असतो. दुसरा थोडा आखडतो. त्या चौदा मिनिटांत व्हेस्प्रेमने एक गोल केला आणि किएल्त्सेने दहा. २९-२९. जादा वेळेनंतर ३५-३५. शेवटी सात मीटरांवरून एकेकाने फेकण्याची पाळी आली. किएल्त्सेच्या हुलेन अगिनागाल्देने निर्णायक चेंडू जाळ्यात धाडला आणि ३९-३८ असा निकाल लागला. हा चषक जिंकणारा तो पहिला पोलिश संघ.

संस्कृत नाटकाला शोकान्त मानवत नाही, पण महाभारताला मानवतो. कर्णाच्या रथाचे चाक नेमके त्याच वेळी का रुतावे, याला उत्तर नाही. व्हेस्प्रेमच्या माणसांनी त्या संध्याकाळी हाच प्रश्न विचारला असेल. २०१९ साली त्यांचा संघ पुन्हा अंतिम सामन्यात आला आणि स्कोप्येच्या वार्दारकडून हरला. चार अंतिम सामने, चारही पराभव. २०२५ चा हंगाम संपला तरी तो चषक त्यांच्या गावी गेलेला नव्हता.

आणि किएल्त्से? २०२२ च्या अंतिम सामन्यात ते बार्सेलोनाकडून हरले, तेही त्याच सात मीटरांच्या फेकींवर. २०२३ साली माग्देबुर्गकडून हरले, जादा वेळेत, एका गोलाने. सात वर्षांपूर्वी उचललेली उसनवारी काळाने पुरती वसूल केली.

चषकाचा हिशेब असा लागतो. पण दर हिवाळ्यात बालाटनकडचा गार वारा सुटला की व्हेस्प्रेमच्या क्रीडागृहात दिवे लागतात आणि पाच हजार खुर्च्यांकडे लाल उपरण्यांची रांग लागते. बाप मुलाला खांद्यावर घेऊन येतो. नऊ गोलांची ती गोष्ट मुलाला केव्हातरी सांगावी लागेल, हे त्याला ठाऊक असते. ती ऐकूनही पोरगे पुढच्या सामन्याला येईलच, हेही ठाऊक असते. कॅथेड्रलला सहाशे बत्तीस वर्षे लागली. ते सुरू करणाऱ्यांपैकी एकानेही त्याचा कळस पाहिला नाही, काम मध्ये थांबलेही, आणि तरीही ते अखेर पुरे झाले.