मातोश्रींचा खोकला

शाळेत येताना आमची वाट रोज नारायणगुड्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनवरून जाते. तेथे कोणी लस टोचून घ्यावयास, तर कोणी रक्त तपासून घ्यावयास आलेले असते. पुष्कळांच्या हातात एखादा कागद असतो, आणि त्यात काय लिहिले आहे हे दुसऱ्या कोणीतरी सांगावे, असा भाव चेहऱ्यावर असतो. गेल्या वर्षापर्यंत आम्हांला त्याचे थोडे हसू येई. आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर! जे वाचता येते ते समजतेच, अशी आमची पक्की समजूत होती. ती कशी उतरली, हे विद्यार्थिमित्रांना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या मातोश्री मूळच्या कारवारच्या. आमच्या घरात कोंकणी, शाळेत मराठी, तर बाजारात तेलुगू आणि दख्खनी चालते. गेल्या वर्षी मातोश्रींचा रक्तदाब वाढलेला आढळला आणि डॉक्टरांनी एनालाप्रिल नावाची गोळी सुरू केली. ताप आला की अंग तापते, दात किडला की ठणकतो. रक्तदाब मात्र मोठा अबोल. पुष्कळदा काहीही लक्षण न दाखविता तो वर्षानुवर्षे हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडे यांना इजा करीत राहतो. "माका कांयच जायना, मागीर गुळी कित्याक?" असे मातोश्रींनी विचारले, तेव्हा हे सारे आम्ही त्यांना व्याख्यानाच्या थाटात समजावून सांगितले. मातोश्रींनी निमूटपणे गोळी सुरू केली.

काही आठवड्यांतच त्यांना खोकला लागला. कफ नाही, ताप नाही. घशात सारखी खवखव आणि कोरडी ढास, आणि तीही रात्री अधिक. आम्ही प्रथम शहराच्या धुळीला दोष दिला, मग थंडीला. दुकानातून खोकल्याचे औषध आणले. गुण आला नाही. खोकला दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळला तर क्षयाची तपासणी करून घ्यावी, हे ठाऊक असल्यामुळे थुंकी तपासली आणि छातीचे चित्रही काढले. दोन्ही निर्दोष निघाली. शेवटी बेगमबाजारातून ज्येष्ठमध आणून सकाळ-संध्याकाळ काढा सुरू केला.

एके रात्री खोकून खोकून दमलेल्या मातोश्री म्हणाल्या, "पुता, ही गुळी सुरू जाली आनी खोंकली सुरू जाली." आम्ही हसलो. "आई, गोळी रक्तदाबाची. तिचा घशाशी काय संबंध?" असे म्हणून आम्ही वर्तमानपत्रात डोके घातले. मातोश्री पुढे काही बोलल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी स्वयंपाकघरात उठताना त्यांना घेरी आली. रक्तदाब मोजला तो वरचा आकडा 180 च्या पुढे! आम्ही घाबरून गोळ्यांची पाकिटे शोधू लागलो, तर तिरफळांच्या बरणीत तळाशी एका पुडीत बाराएक गोळ्या निघाल्या. आपले म्हणणे मुलाला पटत नाही आणि खोकला तर सोसवत नाही. म्हणून त्या माउलीने आमच्यादेखत गोळी घेतल्यासारखे करून ती बाजूला ठेवण्याचा मार्ग काढला होता.

तसेच कोठीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सर्व हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "अम्मांचे बरोबर आहे." रक्तवाहिन्या आकुंचित करणारे एक द्रव्य आपल्या शरीरात एका विशिष्ट विकरामुळे तयार होते. एनालाप्रिलच्या जातीची औषधे त्या विकराला अडवितात; त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. परंतु तेच विकर ब्रॅडिकायनिन नावाच्या दुसऱ्या एका द्रव्याची विल्हेवाटही लावीत असते. त्यात अडथळा आला की ते साचते आणि काही लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, श्वासमार्गात खवखव निर्माण करते. हाच तो कोरडा खोकला! क्वचित या औषधांनी ओठ, जीभ किंवा चेहरा सुजतो. तसे झाले तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे लागते.

आमची फजिती एवढ्यावर संपली नाही. ज्येष्ठमधाचे नाव काढताच डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ज्येष्ठमधाच्या नित्य सेवनाने शरीरात मीठ आणि पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. म्हणजे एकीकडे गोळी बंद आणि दुसरीकडे रक्तदाब वाढविणारा काढा आम्हीच मोठ्या मायेने पाजीत होतो! डॉक्टरांनी काढा थांबविला आणि एनालाप्रिलऐवजी लोसार्टन दिले. या औषधाने तसा खोकला सहसा येत नाही. महिन्याभरात खोकला गेला आणि रक्तदाबही ताळ्यावर आला.

त्या दिवशी परतताना कोठीची जुनी रेसिडेन्सी लागली आणि आम्हांला एक इतिहास आठवला. एडिनबरोच्या सिम्सन यांनी 1847 साली क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. पुढच्याच वर्षी हॅना ग्रीनर नावाची 15 वर्षांची इंग्रज मुलगी, पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिले असता, दगावली. या औषधाने प्रथम श्वास थांबतो की हृदय, असा वाद तेव्हापासून माजला. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांची खात्री होती की श्वासच प्रथम थांबतो. श्वासाकडे लक्ष ठेवले की हृदयाची भीती नको. निजामाच्या खर्चाने 1888 आणि 1889 साली येथे दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. दुसऱ्या आयोगासाठी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठविले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरींच्या बाजूने निघाला. श्वासाकडे लक्ष ठेवण्याची त्यांची शिकवण हिताचीच होती. परंतु हृदय एकाएकी बंद पडल्याची उदाहरणे इतर डॉक्टर सांगत, ती खोटी नव्हती. क्लोरोफॉर्मची मात्रा हलकी असतानाही हृदयाची लय अकस्मात बिघडून मृत्यू येऊ शकतो, हे गुडमन लेव्ही यांनी 1911 साली प्रयोगांनी दाखविले.

लॉरी मोठे शल्यविशारद. त्यांच्याशी आमची बरोबरी कसली? तथापि चूक मात्र एकाच जातीची. आपल्या खात्रीपुढे दुसऱ्याचा अनुभव त्यांनी मोजला नाही आणि आम्हीही नाही. त्यांच्या समोर निदान प्रयोगांचा पुरावा तरी होता. आमच्यापाशी केवळ पदवी होती!

मित्रहो, गुण देणाऱ्या औषधाचा एखादा अवगुणही असू शकतो. लस टोचल्यावर दंड दुखतो, अंग थोडे तापते; ते बहुधा दोन दिवसांत निवळते आणि त्याला भिण्याचे कारण नसते. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असते. त्याने झोप येते. ऐन परीक्षेत पेपरावर डुलक्या घेणाऱ्या एका विद्यार्थ्याला आम्ही आळशी ठरवून रागावलो होतो. सकाळी त्याने कोणती गोळी घेतली होती, हे विचारण्याचे आम्हांला तेव्हा सुचले नाही. आज त्याची क्षमा मागावीशी वाटते.

तुमच्या घरी आजी-आजोबा गोळ्या घेत असतील. त्या गोळ्यांची नावे एका वहीत लिहून ठेवा. गोळी केव्हा सुरू झाली आणि नवीन त्रास केव्हा सुरू झाला, या दोन्ही तारखा शेजारी शेजारी मांडा. काढे, चूर्णे हीदेखील औषधेच आहेत. तीही त्यात लिहा. त्रास झाला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका आणि करू देऊ नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि आजी तिच्या बोलीत काही सांगू लागली, तर हातातले वर्तमानपत्र आधी खाली ठेवा.

आमच्या घरी अशी वही आता आहे. तिच्या पहिल्या पानावर मातोश्रींचे ते कोंकणी वाक्य तारीख घालून आम्ही लिहून ठेवले आहे. तिरफळांच्या बरणीत सध्या केवळ तिरफळेच असतात. तरीही आठवड्यातून एकदा आम्ही ती उघडून पाहतो, आणि मातोश्री आम्हांला हसतात.