उत्पन्नाचा दाखला

आमच्या घरात ‘कर्ज’ हा शब्द हळू आवाजात बोलायची रीत होती. सासूबाई तर ‘ते बँकेचं’ एवढंच म्हणायच्या. निपाणीसारख्या गावात कापडाचं दुकान चालवायचं म्हणजे आधी पत राखायची, हा घरातल्या सगळ्यांचाच समज. त्यामुळं २०१४ साली थोरलीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि वर्षाला दीड लाख याप्रमाणं शैक्षणिक कर्ज काढायचं ठरलं, तेव्हा हे बँकेत गेले तेही भर दुपारी, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून.

बँकेतल्या बाईंनी अर्जाबरोबर आणखी एक कागद दिला होता. घरचं वर्षाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर शिक्षण संपेपर्यंतचं आणि त्यापुढच्या एका वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं, अशी २००९ पासूनची योजना होती ती. त्यासाठी नाडकचेरीतून उत्पन्नाचा दाखला तेवढा आणायचा होता. दुकानाच्या वह्या मीच लिहीत होते, त्यामुळं आमचा आकडा मला पाठ होता. आम्ही त्यात बसत होतो.

“नाडकचेरीत सगळी आपलीच गिऱ्हाइकं,” हे म्हणाले. “उद्या दुकानात येऊन विचारतील, अण्णा, तुमचं उत्पन्न एवढंच व्हय?”

दोष यांच्या एकट्याच्या माथी मारून मला मोकळं होता येणार नाही. मंदिरात शेजारी बसणाऱ्या बायकांचे चेहरे माझ्याही डोळ्यांपुढं आले. मीच तो कागद घडी करून ट्रंकेत, तळाच्या वर्तमानपत्राखाली सारला. शिक्षण चालू आहे तोवर हप्ता नाही, एवढं वाक्य आम्ही लक्षात ठेवलं. हप्ता नसला तरी व्याज चालूच असतं, हे मात्र सोयीस्करपणे विसरलो.

थोरली शिकली, पुण्यातच नोकरीला लागली. २०१९ च्या जूनमध्ये घरी आली ती बँकेचा उतारा घेऊन. मुद्दल सहा लाख आणि त्यावर साचलेलं व्याज जवळजवळ दोन लाख चाळीस हजार. साडेअकरा टक्क्यांनी सात वर्षं, महिन्याला सुमारे चौदा हजार सहाशेचा हप्ता. हातात येणारा पगार सव्वीस हजार. पहिल्या हप्त्यातले आठ हजार तर नुसत्या व्याजालाच जाणार होते.

ती कॅल्क्युलेटर घेऊन बसली. पहिल्या वर्षी दीड लाखांवर महिन्याला व्याज होत होतं चौदाशे-साडेचौदाशे रुपये. एवढे तर मी भिशीत घालत होते! शिकत असतानाच व्याज भरत गेलं तर पुष्कळ बँका व्याजदरात एक टक्का सवलतही देतात, हेही तेव्हाच कळलं. मग माझ्यानं राहवेना. ट्रंकेतला तो कागद काढून मी तिच्यापुढं ठेवला.

तिनं दोनदा वाचला. “आई, हा मला तेव्हा दाखवला असतास तर मी स्वतः गेले असते की नाडकचेरीत,” एवढंच म्हणाली आणि गच्चीवर गेली. हाका मारल्या तरी खाली आली नाही. दिवस मावळला. आमच्यात सूर्यास्तानंतर जेवण नाही. त्या रात्री ती उपाशी झोपली, आणि मीही.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या पाटल्या काढून ठेवल्या. म्हटलं, या मोड आणि साचलेलं व्याज एकदम भरून टाक, चारचौघांत कळायला नको. आमच्याकडं प्रत्येक मुलीला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंची गोष्ट ठाऊक असते. साताऱ्याच्या बोर्डिंगमधल्या मुलांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. मला वाटलं, मीही तसंच काहीतरी करते आहे.

थोरली म्हणाली, “त्यांनी दुसऱ्यांची मुलं जेवावीत म्हणून दिलं, आई. तू शेजाऱ्यांना कळू नये म्हणून देतेस.”

पाटल्या परत डब्यात गेल्या.

त्या दिवसापासून आम्ही दोघींनी एक वही केली. डावीकडं हप्ता, उजवीकडं त्यातलं व्याज किती आणि मुद्दल किती. दुकानाच्या वह्या इतकी वर्षं लिहिल्या, पण घरच्या कर्जाला कधी पान दिलं नव्हतं. पहिले सहा महिने मुद्दलाचा आकडा हलतोय असं वाटेचना. पण दर महिन्याला व्याज पन्नास-साठ रुपयांनी उतरताना दिसायचं, तेवढंच बरं वाटायचं.

२०२० मध्ये टाळेबंदी आली. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्टपर्यंत हप्ते थांबवायची मुभा दिली. मी खूश झाले. थोरली म्हणाली, “पुन्हा तेच? हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही.” पगार कापला होता, पण ती घरी राहून काम करत होती, पुण्याच्या खोलीचं भाडं वाचत होतं. तिनं एकही हप्ता चुकवला नाही. ज्यांची नोकरीच गेली त्यांना त्या मुभेनं आधार दिला असेल. आमचं तसं नव्हतं.

वही झाली, पण घराबाहेर अजून अवाक्षर नव्हतं. २०२१ च्या डिसेंबरात पाहुणे आले. मुलगा चांगला, घर ओळखीतलं. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या वडिलांनी पगार विचारला. थोरली सरळ म्हणाली, “चव्वेचाळीस हजार. त्यातले चौदा हजार सहाशे शिक्षणाच्या कर्जाला जातात. अजून साडेचार वर्षं आहेत.”

चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

मी तिच्यावर चिडले. “विचारलं होतं काय त्यांनी? सांगायची काय गरज होती?”

“मग लग्नानंतर हप्ता कसा भरू? चोरून?”

मला उत्तर देता येईना. रात्री झोप लागेना तेव्हा वडील आठवले. ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. नोकरी लागल्यावर बोर्डिंगला महिन्याला दहा रुपयांची मनीऑर्डर करायचे. कुणी मागितले नव्हते. येईल त्याला त्या पावत्या कौतुकानं दाखवायचे. शिकायला दुसऱ्याची मदत घेतली आणि ती परत केली, यात लाजण्यासारखं काय, असं त्यांना वाटे. त्यांच्याच मुलीनं कागद ट्रंकेत लपवला. कर्जाची नाही, आपली परिस्थिती लोकांना कळेल याची मला लाज वाटत होती. त्या लाजेची किंमत दोन लाख चाळीस हजार झाली, आणि ती मी नाही, लेकीनं भरली.

पुढं दोन वर्षांच्या बोनसमधून तिनं एकेक लाख मुद्दलात भरलं. मुदतीआधी भरल्याबद्दल बँकेनं दंड लावला नाही. २०२४ च्या डिसेंबरात, दीड वर्ष आधीच, कर्ज फिटलं. तिचं लग्न अजून व्हायचं आहे. विचारणाऱ्यांना मी आता तेही मोठ्यानं सांगते.

या वर्षी दुकानातल्या शिंप्याच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. तो कर्जाचं विचारायला आला, आणि त्याचाही आवाज तसाच हळू. मी त्याला वही दाखवली. मुलींना व्याजात अर्धा टक्का सूट मिळते का ते बँकेत विचार. योजनांचे नियम बदलतात, तेव्हा व्याजाच्या अनुदानात ती बसते का, हेही आधी विचार. जमेल तेवढं व्याज पहिल्या महिन्यापासून भर. पुढं तिला नोकरी लागली आणि ती जुन्या पद्धतीनं कर भरत असली, तर व्याजाच्या रकमेवर आठ वर्षं सूट आहे, मुद्दलावर नाही. आणि सगळ्यात आधी उत्पन्नाचा दाखला काढ.

तो घुटमळला. “नाडकचेरीत सगळे ओळखीचे, वहिनी.”

हे गल्ल्यावर बसून नोटा मोजत होते. मोजणं थांबवून उठले, चपला घातल्या. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती.

“चल, मी येतो,” हे म्हणाले, नेहमीच्या आवाजात. “आमच्या घरी साडेआठ लाखांचं होतं.”