ग्लासगोत पाहिलेली वार

गिलमोरहिलच्या टेकडीवर ग्लासगो विद्यापीठ आहे. शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटरने जन्मभर जमवलेला खजिना तिथेच आहे. त्यातला मला पाहायचा होता गर्भाशयावरचा त्याचा १७७४ सालचा ग्रंथ. ग्रंथ कसला, दोन्ही हातांत न मावणारं प्रकरण! आत ३४ चित्रपटले. सहाव्या पटलावर यान व्हान रिम्सडाइकने काढलेलं दिवस भरलेलं बाळ आहे. डोकं खाली, जावळाची बट न् बट दिसते. आईच्या मांड्या मात्र मध्येच छाटलेल्या, आणि तिचं नाव कुठेही नाही. मान आपोआप खाली गेली.

हंटर आणि त्याच्या भावाने गरोदरपणात दगावलेल्या बायकांच्या रक्तवाहिन्यांत रंगीत मेण भरून पाहिलं. मेण बाळाला पोसणाऱ्या वारेत उतरलं, पण बाळाच्या रक्तवाहिन्यांत शिरलं नाही. म्हणजे दोन रक्तं शेजारून वाहतात, मिसळत नाहीत. १७८० मध्ये या शोधाच्या मालकीवरून दोघा भावांत वितुष्ट आलं.

मग बाळाची हाडं भरतात कशी? जन्माच्या वेळी त्याच्या अंगात सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम असतं, त्यातलं ८० टक्के शेवटच्या तीन महिन्यांत आलेलं. नवल पुढेच आहे. बाळाच्या रक्तात कॅल्शियम आईच्या रक्तापेक्षा जास्त असतं, म्हणजे वार ते चढावर वाहून नेते! तिच्या पातळ पापुद्र्याला आईच्या बाजूने टीआरपीव्ही-६ नावाची बारीक दारं असतात. आत शिरलेलं कॅल्शियम मोकळं सुटलं तर पेशीलाच घातक, म्हणून कॅल्बिंडिन हे प्रथिन त्याला धरून पलीकडे पोचवतं. तिथले पंप ऊर्जा खर्चून ते बाळाच्या रक्तात ढकलतात. इकडे आईचं आतडं अन्नातून जवळपास दुप्पट कॅल्शियम शोषू लागतं. तेही पुरलं नाही, तर तिच्या हाडांतून काढलं जातं. वार बाळाची बाजू घेते, आईची काळजी आपणच घ्यायची.

म्हणून घरात कुणी गरोदर असेल, तर चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या ती घेते की नाही, एवढं विचारा. रोज दोन, जेवणाबरोबर. लोहाची गोळी वेगळ्या वेळी. बाळंतपणानंतरही सहा महिने त्या चालू ठेवायच्या असतात.